तुम्ही विचारलंत म्हणून: मार्गेरीतची बाजू

व्याख्यान संपलं की चहाच्या टेबलाशी कुणीतरी हळूच विचारतंच. "मॅडम, सगळं छान सांगितलंत, पण पोटची तीन मुलं टाकून गेलेल्या बाईचा तुम्हाला एवढा कळवळा कशासाठी?" गेली बारा वर्षं मी फ्रान्स आणि इटलीतल्या राजघराण्यांच्या सोयरिकींवर बोलते आहे. फ्रान्सची राणी झालेल्या कॅथरीन दे मेदिचीबद्दल मला असं कुणी विचारत नाही. हा प्रश्न येतो तो मार्गेरीत-लुईजवरूनच. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना माझी स्वतःची हकिगत ठाऊक असते. प्रश्न तिच्याबद्दल असतो आणि नजर माझ्या चेहऱ्यावर असते.

तर एकदा लिहूनच टाकते.

लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची सख्खी चुलत बहीण. तिचं मन आपल्या मामेभावावर, लॉरेनच्या शार्लवर जडलं होतं, आणि हे लपून राहिलेलं नव्हतं. तरी एप्रिल 1661 मध्ये लूव्हरच्या राजवाड्यात तिचं लग्न इटलीतल्या तस्कनी राज्याचा वारस कोसिमो दे मेदिची याच्याशी लागलं. नवरदेव तिथे नव्हताच. त्याच्या वतीनं दुसराच माणूस उभा होता. जूनमध्ये ती फ्लॉरेन्सला पोचली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिची आजी, म्हणजे वडिलांची आई, मारी दे मेदिची. ती लहानपणी फ्लॉरेन्सच्या पित्ती वाड्यात वाढली आणि 1600 साली फ्रान्सची राणी होऊन गेली. विधवा झाल्यावर तिनं माहेराहून पित्तीचे आराखडे मागवले आणि 1615 पासून पॅरिसमध्ये लुक्झेंबुर्गचा वाडा बांधायला घेतला, तसल्याच ओबडधोबड दगडांच्या थरांचा. पुढे तो मार्गेरीतच्या वडिलांकडे आला. आजीनं माहेरच्या आठवणीनं जे दगड पॅरिसमध्ये रचले, त्यांचं मूळ नातीच्या वाट्याला सासर म्हणून आलं. 2011 साली मी पित्तीसमोर उभी राहिले तेव्हा तळातला एकेक दगड दोन्ही हातांच्या कवेत मावत नव्हता. तो उन्हानं तापला होता. मी बराच वेळ त्याला हात लावून उभी होते.

तिथे तिचं पटलं नाही. नवरा अतिशय धार्मिक, एककल्ली. सासू व्हित्तोरिया देल्ला रोव्हेरे हिचा मुलावर पूर्ण ताबा. तीन मुलं झाली: फेर्दिनांदो, आना मारिया लुईझा आणि जान गास्तोने. डिसेंबर 1672 मध्ये ती देवदर्शनाचं निमित्त करून पोज्जो आ कायानोच्या हवेलीत गेली आणि परत यायला तिनं साफ नकार दिला. दोन वर्षं वाटाघाटी चालल्या. शेवटी ठरलं ते असं: फ्रेंच राजकन्या म्हणून असलेले हक्क तिनं सोडायचे, पॅरिसजवळच्या मोंमार्त्रच्या मठात राहायचं आणि वर्षाला 80,000 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घ्यायचे. जून 1675 मध्ये ती निघून गेली. मुलं राहिली. त्यांना नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती मेदिचींच्या गादीची होती. आपल्याकडे "वंशाचा दिवा" म्हणतात, त्यात तो दिवा आईचा असतो असं कुणी म्हणत नाही.

माझं व्याख्यान मी नेहमी एकाच जागी संपवत असे. 1737 मध्ये मेदिची वंश संपला आणि तस्कनीची गादी लॉरेनच्या फ्रान्सिसकडे गेली, पुढे जो ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा नवरा म्हणून सम्राट झाला तो. हा फ्रान्सिस म्हणजे शार्लचा नातू. ज्याच्याशी तिला लग्न करायचं होतं त्याच माणसाचा. सभागृहात क्षणभर शांतता व्हायची आणि मग टाळ्या. मला ती शांतता फार आवडायची.

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वाचनालयात असाच कार्यक्रम होता. टाळ्या ओसरल्यावर शेवटच्या रांगेतून माझा मुलगा उठला. तो येणार हे मला माहीत नव्हतं. कामासाठी पुण्यात आला होता, पेपरात नाव वाचलं म्हणाला. मी 1998 च्या जूनमध्ये कोल्हापूरचं घर सोडलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. कारणं इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहेत त्यांना आहेत.

आम्ही जवळच्या एका हॉटेलात जेवायला बसलो. त्यानं थाळी मागवली, मी नुसतं ताक. तो आमटीत पोळी बुडवून बराच वेळ ती तशीच धरून बसला. मग म्हणाला, "आई, शार्ल आणि त्याचा नातू यांच्यामध्ये तीन मुलं होती. त्यांचं तू काहीच सांगत नाहीस."

मी म्हटलं, सांगते की. नावं सांगते.

"नावं सांगतेस."

मग मी समजावायला लागले. की व्याख्यान दीड तासाचं असतं, की विषय सोयरिकींचा आहे, की मुलांना आजीनं सांभाळलं, खाण्यापिण्याची आबाळ झाली नाही. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ऐकू आलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "जाताना तू मला निळा रेनकोट घेतला होतास, आठवतो? दोन मापं मोठा. आजी म्हणाली, दोन वर्षं पुरेल. पाचवीत तो मला बरोब्बर बसायला लागला. मला वाटायचं, हा आखूड व्हायच्या आत तू येशील." एवढं बोलून त्यानं पोळी खाल्ली. पुढे काही नाही. बिल त्यानं दिलं. स्टँडपर्यंत मी रिक्षानं सोडायला गेले, तेव्हा आम्ही त्याच्या बदलीबद्दल बोललो.

रेनकोट मला आठवत नव्हता. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या. पहिल्याच व्याख्यानात मी लिहिलं होतं: "ती मुलांना सोडून गेली नाही, ती कैदेतून सुटली." ठसठशीत अक्षर, खाली दोन रेघा. ज्या बाईनं ते लिहिलं तिच्याशी मी आता भांडते. कैद होती हे खरंच. पण सुटताना मुलं मागे राहिली हेही खरं, आणि एक सांगून दुसरं पुसता येत नाही. मोंमार्त्रला गेल्यावर ती काही झुरत बसली नाही. दरबारात जात राहिली, जुगारात पैसे घालवले. 1721 पर्यंत जगली, थोरला मुलगा तिच्या आधी गेला. हेही मी पूर्वी गाळायचे, कारण ऐकणारे लगेच "बघा" म्हणतात.

आता मुलांबद्दल सांगते. थोरल्या फेर्दिनांदोला संगीताचं वेड होतं. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी त्याच्याच पदरी होता. आना मारिया लुईझाला मूल झालं नाही. वंश संपताना तिनं करार करून घेतला की मेदिचींची चित्रं, शिल्पं, पुस्तकं फ्लॉरेन्सबाहेर कधीच न्यायची नाहीत. फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात आपण आज जे पाहतो ते तिच्यामुळे. आई गेली तेव्हा ही मुलगी सात वर्षांची होती. घरातलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, या हट्टाशी त्याचा काही संबंध आहे का, असं मला एका श्रोत्यानं विचारलं. मी म्हटलं, असा अर्थ काढू नये. मनात मात्र मी तो कधीच काढला होता. धाकट्या जान गास्तोनेचं लग्न जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं आणि त्याच्या बायकोनं फ्लॉरेन्सला यायला शेवटपर्यंत नकार दिला. आई तिथे राहिली नाही, बायको तिथे आली नाही. शेवटची वर्षं त्यानं पित्तीत अंथरुणातच काढली.

एवढं ऐकून परवा एक बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचं मत बदललं तर!" नाही बदललं. पंधरा वर्षांच्या मुलीला तहाच्या कागदासारखं पाठवणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही, तिला विचारतात. याचा मला आजही तितकाच संताप येतो. ती राहिली असती तर मुलं सुखी झाली असती, हे सांगणाऱ्यांनी तो वाडा आधी बघून यावा. पण मुलाला मी हे ऐकवू शकले नाही, आणि ऐकवलं असतं तर त्यानं मान हलवून पुन्हा पोळी मोडली असती.

आता व्याख्यानात मी जान गास्तोनेचं वय मोठ्यानं वाचते. जन्म 24 मे 1671. आई गेली तेव्हा चार वर्षं आणि काही दिवस. तिथे माझा आवाज बसतो, पाणी प्यावं लागतं, आणि समोरच्यांना ते दिसतं. त्यानंतर मी शार्लच्या नातवाकडे वळते. पूर्वीसारखी शांतता आता होत नाही, मध्येच कुणीतरी खोकतं.