खानापूर (जि. बेळगाव) भागात बिनजमिनीच्या घराण्याचा माग: तीन दिवसांची फेरी

नुसता जमिनीचा उतारा घेऊन निघालात तर पहिल्याच दिवशी अडाल. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 साली आला. त्याआधीच्या कागदांत सारा भरणारा खातेदार दिसतो. त्याच्या रानात राबणारा सालगडी कुठेच नसतो. (महार वतनदार घराणी अपवाद, त्यांनी आधी वतनाची नोंदवही पाहावी.) म्हणून पहिला दिवस तहसील कचेरीत, गाव नमुना 14 साठी. जन्म-मृत्यूची वही ती.

अर्ज कन्नडमध्ये द्या. दुसरा-चौथा शनिवार टाळा. गाव आणि पाच-सहा वर्षांचा टप्पा लिहिला की दप्तर शोधायला सोपं जातं. भिंग आणि बॅटरी जवळ असू द्या.

मराठी गावांच्या जुन्या वह्या बहुतेक मोडीत. आडनाव क्वचितच. ओळ साधारण अशी असते: 'सखू कोम तुका, वय 40, पटकी'. कोम म्हणजे बायको; वलद किंवा बिन म्हणजे मुलगा. मोडीत शब्द सुटे नसतात, त्यामुळे 'कोम' नावालाच चिकटतं आणि नवशिका 'सखूको' वाचून पुढं जातो. ऱ्हस्व-दीर्घावर तर विसंबूच नका. वय 40, 50, 60 असं गोल दिसलं की ते अंदाजाने लिहिलेलं समजा, त्यातून जन्मसाल काढू नका.

दुसरा दिवस हेळव्यांकडे, म्हणजे वंशावळी सांगणाऱ्या फिरस्त्यांकडे. सुगी झाली की बैल घेऊन, घंटा वाजवत ते गावोगाव फिरतात, म्हणून पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही. घराण्याची वंशावळ त्यांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या चढत जाते, जमीन असो वा नसो. घोटाळा होतो तो सालांचा. 'धाता साली आजा गेला' एवढंच सांगतील. संवत्सर साठ वर्षांनी फिरून येतं: धाता 1816-17 ला, 1876-77 ला आणि 1936-37 ला. मधलं म्हणजे मोठ्या दुष्काळाची सुरुवात, आणि त्या दुष्काळाच्या नादात सगळे तेच साल धरतात. आधी पिढ्या मोजा, मग साल ठरवा. साल शकात दिलेलं असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, माघ-फाल्गुनाला 79. नातवाला आज्याचं नाव ठेवायची आपली रीत, तेव्हा दोन तुका एक होऊ देऊ नका: प्रत्येकाच्या बापाचं आणि बायकोचं नाव समोर लिहून ठेवा.

तिसरा दिवस हद्दींसाठी. शहापूर आज बेळगावातच मोडतं, पण तेव्हा ते सांगली संस्थानात होतं. इंग्रजी मुलखाच्या दप्तरात तिथली मजुराची नोंद शोधू नका. चंदगड उलट 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं आणि आता कोल्हापुरात आहे. सोयरीक तिकडची निघाली तर दोन्ही जिल्ह्यांत अर्ज टाका, आणि बेळगावच्या अर्जात 'तत्कालीन चंदगड' असं स्पष्ट लिहा.