जुलैत, धुक्यातच जायचं: आई-बाबांसाठी रेडवुडची सहल आखताना

आई-बाबा जूनच्या शेवटी इथे सनीव्हेलला येतायत. या वेळी त्यांना घेऊन कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकापर्यंत, रेडवुडच्या जंगलांत जायचं नक्की केलंय. बाबा वनखात्यात होते. त्यांची बरीचशी नोकरी गडचिरोलीत, आलापल्लीच्या सागवानात गेली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मोठं झाड दिसलं की त्यांचा हात आधी छातीच्या उंचीवर बुंध्याला लागतो, घेराचा अंदाज घ्यायला. आलापल्लीच्या वनवैभवातले जुने सागवान त्यांनी मला लहानपणी मान मागे टाकून बघायला शिकवले. आता जगातली सगळ्यात उंच झाडं मला त्यांना दाखवायची आहेत. म्हणून ही आखणी मी अगदी जीव लावून करतेय, आणि इथे लिहून ठेवतेय, कारण मायदेशातून आई-वडील येणार असलेल्या बऱ्याच जणांना ती कामी येईल.

बेत ऐकताच इथल्या मित्रमंडळींनी सांगितलं, जुलैत जाऊ नका, किनाऱ्यावर धुकं असतं, समुद्र दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आकाश मोकळं असतं तेव्हा जा. समुद्रापुरतं ते खरं आहे. पण मला बाबांना धुकंच दाखवायचंय. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. आपल्याकडे ओढे भरून वाहतात त्याच महिन्यांत इथली जमीन कोरडी ठाक असते, आणि तरी शंभर मीटर उंचीची झाडं हिरवीगार उभी असतात. किनाऱ्यालगत समुद्राच्या खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावरची दमट हवा निवते, धुकं धरतं. आतल्या बाजूचं सेंट्रल व्हॅली हे मोठं सपाट खोरं तापलं की तीच हवा डोंगरांमधल्या वाटांनी आत ओढली जाते. रेडवुडच्या बारीक पानांवर ते धुकं अडतं, त्याचे थेंब होतात, टपटप मुळांशी पडतात. थोडं पाणी पानं स्वतःच शोषून घेतात. काही जंगलांत वर्षभरात जमिनीला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश असं धुक्यातून येतं, हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. म्हणून तर हे झाड दक्षिण ओरेगॉनपासून कॅलिफोर्नियातल्या बिग सरच्या किनाऱ्यापर्यंत, साधारण सव्वासातशे किलोमीटरच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातच नैसर्गिकपणे वाढतं.

व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तेव्हा बाबा थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे अगं, समुद्रच पाणी घालतोय की झाडांना!”

त्या एका वाक्याने सहलीचा सगळा क्रम ठरला. समुद्र एका दिवशी आणि जंगल दुसऱ्या दिवशी, अशी वाटणी करायची नाही. सकाळी, धुकं खाली असताना झाडांत शिरायचं. दुपारी धुकं सुटलं तर किनाऱ्यावर यायचं. सुटलं नाही तर झाडांतच राहायचं.

आता रस्ता. बिग सरकडे, दक्षिणेला, आम्ही जात नाही. तो रस्ता फार सुंदर आहे, पण १९३७ साली तो पुरा झाल्यापासून दरडींनी वारंवार बंद पडत आलाय, आणि रेडवुड तिथे आपल्या दक्षिण सीमेवर आहेत, उत्तरेइतके उंच होत नाहीत. म्युअर वुड्स हे रेडवुडचं बन आमच्यापासून जवळ आहे, १९०८ पासून राखलेलं आहे, पण तिथे पार्किंगचं आधी आरक्षण करावं लागतं आणि गर्दीही फार. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी तिथे जरूर जावं. आम्हाला वेळ आहे, तर आम्ही थेट हम्बोल्ट आणि डेल नॉर्ट या दोन काउंट्या गाठणार.

पुष्कळांना वाटतं की हायवे वन, म्हणजे १ नंबरचा महामार्ग, किनाऱ्याने ओरेगॉनपर्यंत जातो. तसं नाही. तो फोर्ट ब्रॅगच्या उत्तरेला किनारा सोडून आत वळतो आणि लेगेट या छोट्या गावी १०१ नंबरच्या महामार्गाला मिळून संपतो. पुढे किंग रेंजचे डोंगर सरळ समुद्रात उतरतात. तिथून महामार्ग काढणं जमलंच नाही, आणि त्या किनाऱ्याला लॉस्ट कोस्ट हेच नाव पडलं. तेव्हा जाताना १०१ ने सरळ वर जायचं आणि येताना लेगेटहून हायवे वनने खाली यायचं, असं मी ठरवलंय. याला कारण आहे. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेला येताना समुद्र आपल्या बाजूला असतो. गाडी थांबवायच्या जागा उजव्या हाताला मिळतात, समोरची वाहतूक तोडून पलीकडे जावं लागत नाही. आई-बाबांना दर दहा मिनिटांनी उतरावंसं वाटणार, हे मला माहीत आहे.

आईला घाटात गाडी लागते. लेगेट ते समुद्र हा सुमारे ३५ किलोमीटरचा तुकडा म्हणजे सलग वळणंच वळणं, म्हणून तो सकाळी, हलकं खाऊन, आईला पुढच्या सीटवर बसवून पार करायचा. आलेपाक आणि आवळासुपारी ती स्वतःच आणतेय. त्या तुकड्यात फोनला रेंज मिळेल यावर विसंबायचं नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवलेत आणि पेट्रोल लेगेटच्या आधी लागणाऱ्या गार्बरव्हिल गावीच भरून घ्यायचं.

पहिला मोठा मुक्काम हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कच्या आसपास. १०१ ला समांतर जाणारा जुना रस्ता तिथे अव्हेन्यू ऑफ द जायन्ट्स म्हणून राखलाय, सुमारे ५० किलोमीटरचा, ईल नदीच्या कडेकडेने. गाडीतून बघत निघून जाणारे फार आहेत. मी मात्र तिथे अख्खी सकाळ ठेवली आहे ती फाउंडर्स ग्रोव्हसाठी. तिथली पायवाट सपाट आहे, एक किलोमीटरही नाही, आईच्या गुडघ्यांना झेपेल. आणि तिथे डायरव्हिल जायन्ट पडलेलं आहे. सुमारे ११० मीटर उंचीचं हे झाड मार्च १९९१ मध्ये, पावसाने माती भिजलेली असताना कोसळलं, आणि तसंच राहू दिलंय. त्याच्या बुंध्याशी उपटलेल्या मुळांची भिंत माणसाच्या कितीतरी वर जाते. रेडवुडला खोल सोटमूळ नसतं. मुळं दोन-चार मीटरच खाली जातात, पण आडवी तीसेक मीटर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. उभ्या झाडाची उंची खालून कळत नाही, मान दुखते आणि शेंडा धुक्यात जातो. आडव्या झाडाच्या कडेने चालत गेलं की ती पायांना कळते. बाबा पावलं मोजणार, याबद्दल मला शंकाच नाही.

त्या बनाचं नाव ज्यांच्यावरून पडलं, त्यांची गोष्ट बाबांना तिथेच उभं राहून सांगायची आहे. १९१७ च्या उन्हाळ्यात काही माणसं सॅन फ्रान्सिस्कोकडून गाडीने याच बाजूला आली. त्यांच्यात जॉन मेरियम नावाचे जीवाश्मांचे अभ्यासक होते. नवा महामार्ग होत होता आणि त्याच्याच कडेला प्राचीन झाडं पाडून त्यांचे खांब आणि फळ्या निघत होत्या. ते बघून परतलेल्या या माणसांनी १९१८ मध्ये सेव्ह द रेडवुड्स लीग काढली, लोकांकडून पैसे जमवून एकेक बन विकत घ्यायला सुरुवात केली. हम्बोल्टमधल्या बायकांनी १९१९ मध्ये आपली वेगळी संघटना उभी केली. तरीही १८५० पासून आजवर मूळ जंगलातला जेमतेम पाच टक्के भाग उरलाय. जी बनं आपण ‘बघायला’ जातो ती कुणीतरी वर्गणी काढून, भांडून मिळवलेली आहेत. बाबांनी स्वतः लाकूडचोरांच्या मागे रात्री काढल्यात. मला वाटतं, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तिथून उत्तरेला युरेका, आर्केटा भराभर मागे टाकायचं. ट्रिनिडाद गावाच्या पुढे सू-मेग स्टेट पार्कमध्ये थोडं थांबायचं. या जागेला दुसरंच नाव होतं; २०२१ मध्ये युरोक या इथल्या मूळनिवासी लोकांचं मूळ नाव परत दिलं गेलं. त्यांच्या पद्धतीची रेडवुडच्या फळ्यांची घरं तिथे उभारलेली आहेत, आणि कड्यावरून समुद्र दिसतो.

मग प्रेअरी क्रीक स्टेट पार्क. इथे १०१ सोडून न्यूटन ड्रुरी पार्कवेने जायचं, सुमारे १६ किलोमीटर, दोन्ही बाजूंनी जुनं जंगल. याच रस्त्यावर, गाडीतळापासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर, नुसतं बिग ट्री म्हणतात ते झाड आहे. बुंध्याचा व्यास सुमारे ७ मीटर. “घेर किती?” बाबांनी लगेच विचारलं. बावीस मीटरच्या आसपास, म्हटलं. त्यावर ते काही बोललेच नाहीत, मग आईला हाक मारून सांगितलं. रेडवुडला तोडल्यावर किंवा जाळल्यावर बुडातून फुटवे येतात, आणि जुन्या खोडाभोवती नवी झाडं रिंगण धरून वाढतात. सागालाही फुटवे येतात, पण हजार वर्षांच्या झाडाला आलेले फुटवे बघायचे म्हणून बाबा आत्तापासून अधीर झालेत. तिथल्या कुरणांत रूझवेल्ट एल्क ही मोठी हरणं चरत असतात. गाडीत बसूनच बघायची, जवळ जायचं नाही.

दोन गोष्टी मी मुद्दाम वगळल्यात. फर्न कॅन्यन या नेच्यांनी भरलेल्या घळीत जायला मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत परवाना काढावा लागतो आणि आत ओंडके ओलांडत, पाण्यातून चालावं लागतं; आईसाठी ते नको. दुसरं, हायपेरियन. २००६ मध्ये सापडलेलं हे जवळपास ११६ मीटरचं झाड, जगातलं सगळ्यात उंच. लोक ते शोधत जंगलात घुसले, मुळांवरची माती तुडवून घट्ट झाली, खालचे नेचे मेले. २०२२ मध्ये तो भाग बंद केला. तिथे गेल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला ही बंदी पूर्णपणे पटते. कुणी तुम्हाला तिथला पत्ता दिला तरी जाऊ नका.

सगळ्यात उत्तरेचा मुक्काम क्रेसेंट सिटीला, जेडेडाया स्मिथ पार्कसाठी. हाउलंड हिल रोड हा कच्चा, अरुंद रस्ता, कुठे कुठे दोन बुंध्यांच्या मधून जेमतेम एक गाडी जाते. तो रस्ता स्टाउट ग्रोव्हला नेतो. लाकूड-व्यापारी फ्रँक स्टाउट यांच्या पत्नी क्लारा यांनी १९२९ मध्ये पतीच्या स्मरणार्थ हे ४४ एकरांचं बन देऊन टाकलं. स्मिथ नदीला पूर आला की गाळ बनात पसरतो, त्यामुळे खाली झुडपं फारशी माजत नाहीत आणि बुंधे जमिनीपासून पूर्ण दिसतात. एका जागी स्वस्थ बसायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. इथे आम्ही सकाळी जाणार आणि संध्याकाळी, तिरकं ऊन येतं तेव्हा, परत जाणार. एकच बन दोनदा कशाला, असं नवऱ्याने विचारलं होतं. पण आलापल्लीला बाबा मला तेच झाड उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्ही वेळा दाखवायचे.

परतीचा किनारा थोडक्यात: वेस्टपोर्ट, फोर्ट ब्रॅग, मेंडोसिनो. ही सगळी आज सुंदर दिसणारी गावं लाकूड गिरण्यांची. कड्यावरून घसरपट्ट्यांनी आणि तारांनी फळ्या गलबतांत उतरवत. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को पुन्हा उभं राहिलं ते बरंचसं या लाकडावर. पुढे अल्बियन नदीवर १९४४ चा लाकडी पूल आहे, महायुद्धात पोलाद मिळेना म्हणून लाकडात बांधलेला. हायवे वनवरचा आता उरलेला तो एकच. बाबांसाठी तिथे थांबणं आलंच. किनाऱ्यावर उतरल्यावर समुद्राकडे पाठ करायची नाही, हे मी लेकीला आणि आईला दोघींना सांगून ठेवलंय. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट येते आणि माणूस ओढला जातो. जुलै असला तरी प्रत्येकाला स्वेटर आणि कानटोपी. मग नॅव्हारो नदीच्या काठाने १२८ नंबरच्या रस्त्याने आत वळायचं, तिथे शेवटचे रेडवुड भेटतात.

खाण्याचं आईने तिच्या अखत्यारीत घेतलंय. फक्त एक अट मी घातली. या जंगलांत मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्रपक्षी घरटं करतो. मासे समुद्रातून आणतो, पण अंडं घालतो ते जुन्या झाडाच्या उंच, शेवाळलेल्या फांदीवर, आणि एका वेळी एकच. सहलीला आलेल्यांच्या खाण्याचे कण पडले की त्यावर ‘जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे वाढतात, आणि ते ही अंडी खातात. म्हणून पार्कवाले कळकळीने सांगतात, एक कणही सांडू नका. हे ऐकल्यावर आईने पातळ पोह्यांचा चिवडा यादीतून स्वतःच काढला. आता दशम्या आणि ओली चटणी, आणि खाताना मांडीवर पसरायला एक जुनी सुती साडी. खाणं झालं की साडी तशीच गुंडाळून गाडीत, आणि झटकायची ती मुक्कामी पोचल्यावर, मोरीत.