ग्रिम्स्बीच्या मोहरेवरचा कोळी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर खाडीच्या मुखापाशी असलेल्या ग्रिम्स्बी या मासळीच्या गावी येऊन मला तीन वर्षे होत आली. तेराव्या शतकातील नगरमोहरेचा, म्हणजे नगराच्या अधिकृत शिक्क्याचा, ठसा मी येथे प्रथम छायाचित्रात पाहिला, तेव्हा एका बाजूला परशू घेतलेला डेन्मार्कचा राजपुत्र हॅव्हलॉक आणि दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेली इंग्लंडची राजकन्या गोल्डबरो असूनही मधोमध, दोघांहून कितीतरी मोठा, ढाल-तलवार घेऊन उभा होता तो ग्रिम नावाचा कोळी. ग्रिम्स्बी म्हणजे ग्रिमचे गाव. ‘बी’ हा गावासाठीचा डॅनिश शब्द.

१३०० सालाच्या आसपासच्या, सुमारे तीन हजार ओळींच्या एका इंग्रजी काव्यात या तिघांची कथा सविस्तर येते. डेन्मार्कच्या राजाने मरताना आपली मुले गोडार्ड नावाच्या सरदाराच्या हवाली केली. त्याने दोन्ही मुलींचे गळे चिरले आणि लहानग्या हॅव्हलॉकला समुद्रात बुडवण्यासाठी ग्रिमकडे दिले. त्या रात्री झोपलेल्या मुलाच्या तोंडातून प्रकाश बाहेर पडताना दिसला, खांद्यावर राजचिन्ह आढळले, आणि ग्रिम बायकामुलांसह त्याला घेऊन होडीने येथे पळून आला. मेंढरे राखताना झोपलेल्या मल्हारराव होळकरांवर नागाने फणा धरल्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना या खुणेचे नवल वाटायचे नाही.

मला स्वतःला त्या प्रकाशापेक्षा हॅव्हलॉकची भूक अधिक खरी वाटते. मोठा झाल्यावर त्याच्या मनात येते की, ग्रिम आणि त्याची पाच मुले मिळून खातात त्याहून अधिक आपण एकटे खातो. मग बसून का खावे, कष्टात लाज कसली? दुसऱ्या दिवसापासून तो मासळीची पाटी घेऊन विकायला बाहेर पडतो. कवीने ग्रिमच्या जाळ्यात येणाऱ्या माशांची नावे तर बाजारात उभे राहून मोजावीत तशी मोजली आहेत, आणि त्यांत आपला बांगडाही आहे (निदान त्याचा इकडचा भाऊ).

पुढे दुष्काळ पडतो. ग्रिम जुने शीड कापून त्याला अंगरखा शिवून देतो आणि हा राजपुत्र अनवाणी लिंकन शहरी जातो. दोन दिवस उपाशी राहिल्यावर तिसऱ्या दिवशी अर्ल (मोठा सरदार) गोड्रिच याचा आचारी हमालांना हाक मारतो, त्याबरोबर हॅव्हलॉक नऊ-दहा गरीब हमालांना चिखलात लोटून ओझे उचलतो. हे काही राजाला शोभणारे वागणे नव्हे, पण कवी ते लपवत नाही. बर्ट्रम आचाऱ्याने पगाराचे विचारताच तो म्हणतो, पोटभर जेवण द्या, पाणी भरीन, लाकडे फोडीन. पुढे गोळाफेकीसारख्या एका खेळात त्याने टाकलेला धोंडा इतरांच्या धोंड्यांपलीकडे १२ फुटांहून अधिक लांब पडतो. हा धोंडा लिंकनच्या किल्ल्यात असल्याचे लोक सांगतात, अशी नोंद रॉबर्ट मॅनिंग या इतिवृत्तकाराने १३३८ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात आहे.

याच बळामुळे त्याचे लग्न ठरते. राजकन्या गोल्डबरोचे लग्न राज्यातील सर्वश्रेष्ठ पुरुषाशी लावीन, अशी शपथ गोड्रिचने तिच्या मरणाऱ्या बापापुढे घेतली होती. तिचे राज्य बळकावण्यासाठी तो शपथेतल्या शब्दांचा कीस काढतो आणि सर्वांत उंच व बळकट असलेल्या या मुदपाकखान्यातल्या गड्याच्या गळ्यात तिला बांधतो. आपला अपमान झाला म्हणून रात्री जागत पडलेल्या गोल्डबरोला तोच प्रकाश दिसतो. त्यानंतर डेन्मार्कचे सिंहासन आणि मग इंग्लंडचे, हा भाग लढायांचाच आहे.

ग्रिम तोवर वारला होता. गोड्रिचला जाळून मारल्यावर कॉर्नवॉलची त्याची जहागीर कोणाला द्यावी, हा प्रश्न आला, तेव्हा हॅव्हलॉकने ती बर्ट्रम आचाऱ्याला दिली आणि ग्रिमच्या धाकट्या मुलीचे लग्न त्याच्याशी लावून दिले.