बायपासनंतरचे चालणे
परभणी, वैशाख

बायपास करून घरी आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण ‘भाऊ, आता नुसता आराम करा’ असेच सांगून जातो. त्यामागची माया मला कळते. परंतु नुसते पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि फुप्फुसांत कफ साचतो, हे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी रुग्णालयातच समजावले होते. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला आणि तीन छोट्या चेंडूंच्या स्पायरोमीटरमधून (फुप्फुसांच्या व्यायामाच्या उपकरणातून) श्वास सावकाश आत ओढायला (त्यात फुंकायचे नसते) त्यांनीच शिकवले.

आता मी उजाडताच, ऊन तापण्यापूर्वी, कृषी विद्यापीठाच्या परिसरात चालतो. आरंभी आणि शेवटी काही मिनिटे पावले मुद्दाम मंद ठेवतो, कारण एकदम थांबल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. हृदयाची गती आवरणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असल्याने केवळ नाडीवरून श्रमांचा अंदाज बांधता येत नाही. त्याऐवजी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची, स्वतःला जाणवणारे श्रम अंकांत सांगण्याची 6 ते 20 ची मोजपट्टी मला दिली आहे, तीत सध्या 11 ते 13 च्या दरम्यान राहायचे. सोबत चालणारे मेहुणे सोयाबीनच्या भावाविषयी बोलत असतात. मला धाप न लागता त्यांना पूर्ण वाक्यात उत्तर देता आले की वेग योग्य आहे, असे मी समजतो.

चालण्यापेक्षा हात आवरणे अधिक कठीण आहे. शस्त्रक्रियेत कापून तारांनी बांधलेले छातीचे हाड सांधायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, आणि आमच्याकडे नळाला पाणी आले की घरभर जी धांदल उडते तिच्यात हात आपोआप भरल्या बादलीकडे जातो. जमिनीवरून उठताना दोन्ही हातांवर भार येतो, म्हणून जेवणही खुर्चीवरच घेतो.

संध्याकाळी मात्र कारण नसताना डोळे भरून येतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असे अनेकांना होते, आणि ते जखमेच्या दुखण्याइतक्याच मोकळेपणाने डॉक्टरांना सांगावे, असे मला कळकळीने वाटते. मी सांगितले, तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकून घेऊन फाइलमध्ये नोंदवले.

पुढच्या भेटीत सहा मिनिटांत मी किती अंतर चालतो हे मोजणार आहेत. जिना आणि स्कूटर यांविषयी तेव्हाच विचारायचे आहे.