दाबलेली फुलं आणि ११ नंबरचे मणी : चौथ्या तुकडीची नोंद

चौथी तुकडी काल संध्याकाळी हातावेगळी झाली. दाबून वाळवलेली फुलं रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेत) बसवून १८ पेंडंट ओतली होती, त्यांतली १४ विकायला ठेवण्याजोगी निघाली. तिसऱ्या तुकडीत १८ पैकी जेमतेम ७ निघाली होती. रेझिन तेच, मोल्ड (साचे) तेच, मणीही तेच. बदलली ती फक्त फुलं वाळवायची आणि तपासायची पद्धत, म्हणून आजची नोंद मुख्यतः तिच्याबद्दल.

सुरुवात झाली तिसऱ्या तुकडीतल्या एका पेंडंटपासून. पांढऱ्या व्हर्बिनाचं होतं. घेतलेल्या ताईंनी पाच आठवड्यांनी फोटो पाठवला. पाकळ्यांच्या कडा अजून पांढऱ्याच होत्या, पण फुलाच्या मधोमध गंजासारखा तपकिरी डाग उमटला होता. खाली एवढंच लिहिलं होतं, "फूल आतून ओलं राहिलं होतं का?" त्यांना पैसे परत केले आणि बदली पेंडंट देईन असंही कळवलं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्यांचं बरोबर होतं.

दाबलेलं फूल दोन आठवड्यांत कोरडं दिसायला लागतं. पाकळी कागदासारखी वाजते आणि आपण समजतो की झालं. पाकळी पातळ, ती लवकर सुकते. पाकळ्या जिथे एकत्र येतात तो मधला भाग आणि मागचा देठाचा तुकडा मात्र ओल धरून असतो. सफरचंद कापून ठेवलं की जसं काळवंडतं तसंच इथेही होतं. पेशी फुटलेल्या असतात, विकरं (एन्झाइम) शिल्लक असतात, ओल असते, हवा असते. वरून रेझिन ओतलं की ती ओल आतच कोंडली जाते आणि मग आपल्या हातात काही उरत नाही.

म्हणून यावेळी फुलं तोलली. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा या कामाला पुरतो. एका फुलाचं वजन काट्याला नीट कळत नाही, म्हणून ४० फुलांचा एक गट धरला. कागदासकट तोलू नका, कागद स्वतःच हवेतली ओल घेतो आणि आकडा फसवतो. माझ्या व्हर्बिनाच्या गटाचे आकडे असे : ताजी असताना १.२१ ग्रॅम, दहाव्या दिवशी ०.२४, चौदाव्या दिवशी ०.१९, अठराव्या दिवशी ०.१७, एकविसाव्या दिवशी पुन्हा ०.१७. तिसऱ्या तुकडीत मी चौदाव्या दिवशी थांबले होते. बोटांना तेव्हा फूल पूर्ण कोरडं लागत होतं, पण काट्याच्या हिशोबात अजून ०.०२ ग्रॅम पाणी जायचं होतं. म्हणजे त्या वजनाचा जवळजवळ नववा हिस्सा! आता दोन वेळा, मध्ये तीन दिवस सोडून, तोच आकडा आल्याशिवाय फूल मोल्डजवळ न्यायचं नाही, असं ठरवून टाकलंय.

आकडा स्थिर झाला तरी फुलं उघडी ठेवून चालत नाही. दमट हवेत ती पुन्हा ओल ओढतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यांत ठेवते. नारिंगीचं हिरवं होणारं सिलिका घेतलं तर कधी तापवून पुन्हा कोरडं करायचं ते रंगावरूनच कळतं.

दाबण्यातही दोन गोष्टी बदलल्या. पहिले तीन दिवस टीपकागद रोज बदलला. वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) नमुने वाळवताना हेच करतात. १६व्या शतकात इटलीत लुका घिनी यांनी रोपं दाबून कागदावर चिकटवायची पद्धत रुजवली असं मानतात, आणि तेव्हापासून मूळ कृती फारशी बदललेली नाही : ओल शोषणारा कागद, सारखा दाब आणि धीर. दुसरं म्हणजे, दाबण्याआधी फूल पालथं घालून मागचा जाड भाग धारदार पात्याने तासून घेते. पॅन्सी आणि लार्कस्परला याची फारशी गरज पडत नाही, व्हर्बिनाला पडते. झेंडूसारखं जाड फूल अख्खं दाबायच्या फंदात पडूच नये, त्याच्या सुट्या पाकळ्या घ्याव्यात. तोडायची वेळ सकाळची, दव पूर्ण सुकल्यावर, आणि फूल नुकतं उमललेलं.

रंगाची चाचणीही याच काळात चालू होती. एका जाड पुठ्ठ्यावर सहा प्रकारची फुलं-पानं चिकटवून निम्म्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आणि पुठ्ठा खिडकीत उन्हाला ठेवला. सहा आठवड्यांनी फॉइल काढली तेव्हा लार्कस्परचा निळा दोन्हीकडे जवळजवळ सारखा होता. पिवळ्या पॅन्सीनेही रंग टिकवला. गुलाबी कॉसमॉस उघड्या बाजूला अगदी फिका झाला होता. नेच्याचं पान हिरव्याचं वाळक्या गवताच्या काडीसारखं पिवळट झालं. लाल गुलाबाची पाकळी तर उन्हात जायच्या आधीच, वाळतानाच, काळपट पडली होती. बोगनवेलीकडून मला फार आशा होती (तिच्या रंगीत 'पाकळ्या' मुळात पाकळ्या नाहीत, फुलाभोवतीची सहपत्रं आहेत, आणि मधलं बारीक पांढरट ते खरं फूल). तिचा राणी रंग निम्म्याहून कमी उरला. म्हणून कॉसमॉस आणि बोगनवेल यापुढे विकायच्या वस्तूंत घालणार नाही. स्वतःसाठी करा, खुशाल करा.

रेझिनबद्दल थोडक्यात. माझ्या बाटलीवर रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर यांचं प्रमाण २:१ आहे, पण ते घनफळाचं. पहिल्या दोन तुकड्यांत मी ते वजनाने घेत होते. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे वजनाने मोजला की जास्त पडतो, आणि पेंडंट नखाने दाबलं की खड्डा उमटत होता. आता खुणांचे कप वापरते, तीन मिनिटं सावकाश ढवळते, कपाच्या कडा आणि तळ खरवडते, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळते. ओतण्याआधी फुलाला दोन्ही बाजूंनी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा एक हात देऊन तो पूर्ण वाळू देते. हे केलं नाही तर रेझिन पाकळीच्या आतल्या हवेच्या पोकळ्यांत शिरतं आणि पांढरी पाकळी तेल लागलेल्या कागदासारखी पारदर्शक होते. यूव्ही रेझिन (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की गडद पाकळीच्या सावलीतलं रेझिन कच्चं राहतं, दिवा मागूनही दाखवावा लागतो. आणि हातमोजे नायट्राइलचेच घ्या, खिडकी उघडी ठेवा. कच्च्या रेझिनची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की सहसा जात नाही. हा छंद मला पुढची अनेक वर्षं करायचा आहे, म्हणून यात मी अजिबात सूट घेत नाही.

आता मणी, म्हणजे या कामातला माझा सगळ्यात लाडका भाग.

पेंडंटला धातूची चौकट न लावता मी मण्यांचीच चौकट विणते, पेयोटी टाक्याने. २५ मिलिमीटरच्या गोल पेंडंटला ११ नंबरचे ५२ मणी पहिल्या वेढ्यात ओवते (मण्यांचा नंबर जितका मोठा, तितका मणी बारीक). संख्या सम हवी, नाहीतर पुढच्या फेरीत टाका अडतो. वेढा बांधला की एक मणी सोडून एक, असं विणत जायचं. ११ नंबरच्या दोन फेऱ्या झाल्या तरी ती नुसती सैल पट्टी असते, पेंडंट तिच्यातून सहज निसटतं. मग १५ नंबरचे मणी घ्यायचे. हे बारीक मणी कमी जागा घेतात, त्यामुळे दोरा ओढला की काठ आत झुकतो. पहिल्या फेरीत फरक दिसत नाही. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या चार-पाच मण्यांशी दोरा हळूच खेचला की अख्खी कड एकदम उभी राहते आणि पेंडंटला कवेत घेते. बोटाखाली ती पकड जाणवते. पालथं घालून मागूनही १५ नंबरची एक फेरी दिली की गोंदाचा थेंबही न लावता पेंडंट पक्कं बसतं, मागची बाजू उघडी राहते आणि फुलातून उजेड आरपार येतो. निळं लार्कस्पर उजेडासमोर धरलं की पाकळीतली एकेक शीर मोजता येते.

सुई १२ नंबरची घ्या. १५ नंबरच्या मण्यातून तिसऱ्यांदा दोरा नेताना भोक भरलेलं असतं, जोर लावला तर मणी फुटतो आणि फेरी उसवावी लागते. कुठला मणी किती वेळा ओलांडायचा हे आधीच ठरवलं तर ही वेळ येत नाही. नायलॉनचा दोरा ओवण्याआधी हाताने ताणून घ्यावा, नाहीतर तो नंतर सैलावतो आणि चौकट ढिली पडते. नवीन रंगाचे मणी आणले की दहा मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रात्रभर ठेवते. रंग चढवलेले मणी तिथेच उघडे पडतात. यावेळी एक सुंदर जांभळा असाच बाद झाला. वाईट वाटलं, पण घेणाऱ्याच्या गळ्यावर घामाने उतरण्यापेक्षा वाटीत उतरलेला बरा.

विक्रीच्या बाजूने या तुकडीत एकच मोठा बदल आहे. प्रत्येक नगाला क्रमांक दिलाय आणि वहीत त्यासमोर फूल, तोडल्याची तारीख, वजन स्थिर झाल्याची तारीख आणि रेझिनची बाटली लिहिली आहे. त्या ताईंचा फोटो आला तेव्हा ते फूल कुठल्या कागदातलं हे मला सांगता आलं नव्हतं. आता कुणी विचारलं तर त्या गटातली बाकीची पेंडंट कुणाकडे गेली हेही कळेल आणि त्यांना मी स्वतःहून कळवू शकेन.

किंमत ठरवताना वेळ धरायला लागले. चौकटीसह एक पेंडंट, घासून गुळगुळीत करण्यासकट (४०० नंबरच्या सँडपेपरपासून २००० पर्यंत, पाण्यात), माझे सव्वातीन तास घेतं. आधी मी फक्त साहित्य धरून थोडे वर लावायचे आणि तेवढ्यात वाया गेलेले नगही भरून निघत नव्हते. आता साहित्य, तास आणि दर तुकडीत बाद होणारे नग, तिन्ही धरते. भाव वाढला तसे चौकशी करणारे कमी झाले, पण विचारणारे खरोखर घेतात.

कानातलीही करते, त्यांचे हुक टायटॅनियमचे केले. साध्या मिश्रधातूतल्या निकेलने अनेकांचे कान खाजतात. एका कानातल्याचं वजन ५ ग्रॅमच्या आत ठेवते, दिवसभर घालून पाहिल्यावर हाच आकडा मला मानवला. फोटो खिडकीच्या आडव्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, आणि एक तरी बोटांत धरलेला, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. सोबतच्या चिठ्ठीत लिहिते की हे खरं फूल आहे, उन्हात ठेवू नका, अत्तर लावून झाल्यावर घाला, वर्षांनुवर्षांत रंग थोडा मऊ होईल. हे वाचून कुणी माघार घेतली तर घेऊ दे.

बाद झालेल्या चार नगांपैकी तिघांत बुडबुडे आहेत, तिन्ही पॅन्सीचे. पाकळ्या एकमेकींवर चढतात तिथे हवा अडकते. पाचव्या तुकडीत पॅन्सीवर आधी रेझिनचा पातळ थर ब्रशने फिरवून मग मोल्डमध्ये ठेवून बघणार आहे. चौथ्या नगात मलाच दिसत नव्हतं असं एक केसाएवढं तूस आहे. तो मी ठेवून घेतलाय. त्या ताईंसाठीचं व्हर्बिना मात्र चौकटीत बसलंय, क्रमांक ४-११. १५ नंबरची मागची फेरी राहिली आहे, ती आज रात्री.