गुळ्याचा पिंजरा : जागा नंबर चार

गुळ्या म्हणजे माझा सीरियन हॅमस्टर, उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. त्याचा नवा पिंजरा आला, १०० बाय ५० सेंटीमीटर, आणि "ठेवू कुठेतरी" हे प्रकरण संपलं. पुण्यात वन बीएचके, त्यात सगळ्यात वरचा मजला, म्हणजे घरात अजून एक दिवाण आल्यासारखंच झालं.

पहिल्यांदा हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला. चार दिवस गुळ्या रात्री साडेबारा-एकपर्यंत घरकुलातून बाहेरच येईना, मला वाटलं आजारी आहे, आणि मग दिसलं की त्याच बोर्डावर आईने उंदीर पळवायचं ते मशीन लावून ठेवलंय!! आपल्याला ऐकू येत नाही पण हॅमस्टरला अल्ट्रासाऊंड चांगला ऐकू येतो. म्हणजे एका हाताने पाळतोय आणि दुसऱ्या हाताने हाकलतोय. मशीन काढलं (खरे उंदीर त्याला कधी घाबरले नव्हतेच), पण टीव्हीचा आवाज होताच, म्हणून हलवला.

मग बेडरूम, खिडकीखाली. त्याच्या पळायच्या चाकाची खरखर दोन रात्री सहन केली, तिसऱ्या दिवशी २८ सेंमीचं सायलेंट चाक घेतलं, तो प्रश्न मिटला. खरा घोळ भिंतीचा होता. पश्चिमेची भिंत, एप्रिल महिना, दिवसभर तापते आणि रात्री नऊला, बरोबर हा उठतो तेव्हा, उष्णता बाहेर टाकते. पडदा लावून ऊन अडतं, भिंत कशी अडवणार? पिंजऱ्यात बेडिंगलगत (तळाशी अंथरलेला जाड थर) थर्मामीटर ठेवला तर ३३. हॅमस्टरना २०-२४ बरं, तिशीच्या वर गेलं की जिवाला धोका. "सीरियाचे आहेत, ऊन सोसतात" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, तिकडे अलेप्पोजवळ यांची बिळं सरासरी ६५ सेंमी खोल सापडली आहेत, दुपारी ते वर उन्हात नसतातच.

स्वयंपाकघराचा विचारच केला नाही, मिरचीच्या फोडणीत आपणच टिकत नाही.

तिसरी जागा पॅसेज, आतली भिंत, ऊन नाही, एसीचा थेट झोत नाही. तापमान लगेच चार डिग्री उतरलं, मी खूश. पण जमिनीवर ठेवला होता आणि त्याने कोपऱ्यात दाणे साठवले, सकाळी मुंग्यांची रांग थेट घरकुलापर्यंत!

म्हणून चौथी जागा म्हणजे तोच पॅसेज पण टेबलावर, आणि आजीच्या दुधाच्या कपाटासारखे टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पाणी रोज बदलतोय, नाहीतर डास. आईला रात्री बाथरूमला जाताना टेबल लागतं म्हणून कुरकुर चालू आहे, एक कोपरा फोमने मढवलाय.

आज रात्री नऊची नोंद: २८. बेडरूममधला एसी चालू, दार अर्धं उघडं. अजून उतरायला हवं, उद्या थंड बसायला सिरॅमिकची टाइल टाकून बघतो. आणि जूनमध्ये ओल येईल तेव्हा २५ सेंमी बेडिंगला खालून बुरशी धरते का ते बघायचंय, कुणी पावसाळा काढला असेल तर सांगा.