अपडेट थांबलेला संगणक कामात ठेवताना

बेळगावात शहापूरमधील माझ्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे आणि पतसंस्थांचे अहवाल आजही विंडोज ७ च्या संगणकावरच जुळवले जातात. इतक्या वर्षांत साठलेला मजकूर पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि युनिकोड हे अक्षरांचे सामाईक मानक रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.

विंडोज ७ चे सर्वसाधारण अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. विंडोज १० चीही नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे लोक धडधाकट यंत्रे भंगारात काढण्याच्या विचारात आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. अपडेट थांबल्याने यंत्राची ताकद कमी होत नाही. नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, आणि त्यांचा फायदा घेणारे बहुतेक हल्ले नेटवर्कमधून येतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधील त्रुटीतून, कोणी काही क्लिक न करताही, एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. वास्तविक त्या त्रुटीवरचे अपडेट मार्चमध्येच आले होते.

म्हणून या संगणकाला मी नेटवर्कची केबल जोडतच नाही. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर, मग तो मराठी असो वा कन्नड, दुसऱ्या अद्ययावत संगणकावर उतरवून, तपासून, केवळ याच कामासाठी राखलेल्या पेनड्राइव्हने इकडे येतो. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह या यंत्राला कधीही लावायचा नाही, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडत नाही. छापखान्यात पाठवायची पीडीएफ फॉन्ट एम्बेड करूनच, म्हणजे फाइलमध्येच सामावून, बनवावी, म्हणजे तिकडे अक्षरे बिघडत नाहीत.

ज्यांना जुन्या यंत्रावर इंटरनेट हवेच आहे, त्यांनी चार जीबी रॅम असल्यास विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवावी. ब्राउझर आणि पत्रव्यवहारासाठी ती पुरेशी आहे.

मला खरी काळजी वाटते ती हार्डडिस्कची, कारण ती गेली तर जुने प्रोग्रॅम पुन्हा बसवणे फार अवघड जाते. संपूर्ण डिस्कची प्रत एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) घ्यावी, त्या प्रतीवरून संगणक सुरू होतो आणि पेजमेकरमधली जुनी पत्रिका नीट उघडते हे पाहावे, आणि मगच ती कपाटात ठेवावी.